बशीएवढा पाकट घरी आणण्याआधी

गेल्या उन्हाळ्यापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी विचारला. मनीषनगरातल्या एका डॉक्टरांनी, महालातल्या एका कापडवाल्यांनी आणि माझ्या भाचीच्या वर्गातल्या अकरावीच्या मुलानं. प्रत्येकाच्या मोबाइलवर साधारण तसाच व्हिडिओ होता. हॉलमध्ये लांबलचक काचेची टाकी, तळाला पांढरी वाळू, आणि त्या वाळूवरून एक गोल, चपटा, ठिपक्यांचा प्राणी कडा हलवत सरकतोय. दोरीवरची ओढणी वाऱ्यानं लहरावी तशा त्या कडा. "दादा, हा आपल्या नागपुरात ठेवता येतो का?"

"येतो, पण" असं म्हटलं की समोरचा माणूस "येतो" तेवढं ऐकतो आणि दुकानाकडे निघतो. म्हणून त्या "पण"च्या पुढचं सगळं इथे लिहितोय. मी वीसेक वर्षं घरी मासे पाळतो. व्हिडिओतला तो प्राणी म्हणजे रे, गोड्या पाण्यातला पाकट. तो मी स्वतः पाळलेला नाही, पण बेसा भागातल्या एका मित्राकडे तो आला त्या दिवसापासून गेला त्या दिवसापर्यंत पाहिला आहे. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. रे पाळायचा म्हणजे आधी पाणी पाळता आलं पाहिजे, आणि नागपुरात पाण्याची खरी परीक्षा मे महिना घेतो.

## हा मासा आहे तरी कोण?

कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याचाच हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. आपल्याकडच्या दुकानांत त्याला नुसतं "रे" किंवा "स्टिंगरे" म्हणतात. शरीरात हाडं नाहीत, आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी कूर्चा असते. त्या नात्यानं तो रोहू-कतल्यापेक्षा शार्कला जवळचा. दुकानात मिळणारे बहुतेक रे "पोटॅमोट्रायगॉन" या एकाच गटातले असतात आणि त्यांचं घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन, ओरिनोको, पराना अशा नद्यांमध्ये. सगळ्यात जास्त दिसतो तो मोटोरो, तपकिरी पाठीवर नारिंगी डोळ्यांसारखे ठिपके असलेला. काळ्या पाठीवर पांढरे ठिपके असलेला महागडा "ब्लॅक डायमंड" म्हणजे लिओपोल्डी. तो ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्याबाहेर निसर्गात कुठेच सापडत नाही.

यांचे पूर्वज समुद्रातले. लक्षावधी वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी त्या खंडात आतपर्यंत शिरलं होतं, त्या काळात हे नदीकडे वळले आणि तिथलेच झाले. या बदलात त्यांच्या शरीरात जे घडलं ते नीट समजून घ्या, कारण टाकीतली निम्मी संकटं तिथूनच येतात.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. खारट पाण्यात कुठल्याही जिवाचं तेच होऊ पाहतं, अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातल्या पाकटानं त्यावर तोड काढली. लघवीतून जो युरिया आपण टाकून देतो तो तो रक्तात साठवून ठेवतो, म्हणजे रक्तच समुद्राइतकं दाट होतं आणि पाणी सुटत नाही. नदीत मात्र उलटं आहे. भिजत घातलेली मटकी जशी फुगते तसं बाहेरचं पाणी अंगात शिरत राहतं. त्यामुळे नदीतल्या रेनं युरिया साठवणं सोडून दिलं. तो दिवसभर पातळ लघवी करतो आणि शरीरातला नत्राचा कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. आता त्याला समुद्रात सोडलं तर तो जगत नाही. आणि काचेच्या बंद टाकीत तो स्वतःच सोडलेल्या अमोनियात बसलेला असतो.

एकदा तो खाताना जवळून बघा. झिंग्याचा तुकडा वाळूवर पडला की तो वरून येतो आणि अख्खं अंग तुकड्यावर ताटासारखं पालथं घालतो. तोंड खाली आहे, डोळे वर आहेत. म्हणजे काय खातोय ते त्याला दिसत नाही, वासानं आणि स्पर्शानं शोधतो. डोळ्यांच्या मागे दोन भोकं उघडझाप करत असतात. तळाला टेकून बसल्यावर तोंडानं पाणी घेतलं तर वाळू आत जाईल, म्हणून श्वासाचं पाणी तो या भोकांतून घेतो आणि पोटाखालच्या कल्ल्यांतून सोडतो. ही भोकं किती भराभर हलताहेत, हे त्याच्या तब्येतीचं सगळ्यात आधी कळणारं लक्षण. तो काचेवर चढला की खालून हसरा चेहरा दिसतो आणि मुलं टाळ्या पिटतात. त्या चेहऱ्यात डोळे वाटतात त्या नाकपुड्या असतात.

## बशी, ताट आणि परात

दुकानात तो बशीएवढा असतो. काही ठिकाणी "टी-कप रे" म्हणूनच विकतात, आणि घेणाऱ्याला वाटतं ही छोटीच जात असेल. बहुतेक वेळा ते पिल्लू असतं. बर्डीवरच्या एका दुकानात माझ्यासमोर एकाला सांगितलं गेलं, "भाऊ, टाकी जेवढी तेवढाच वाढतो जी तो." हे खरं नाही. टाकी लहान असली म्हणून मासा समजूतदारपणे लहान राहत नाही. त्याची वाढ खुंटते आणि आतले अवयव आजारी पडतात. नीट खाल्लं तर मोटोरोची बशी वर्षा-दोन वर्षांत ताटाएवढी होते आणि मादी पुढे परातीएवढी, म्हणजे दीड फुटाच्या आसपास, वर शेपूट वेगळी. आणि तो दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. आज तुमचा मुलगा पाचवीत असेल तर त्याचं कॉलेज संपेपर्यंतची ही जबाबदारी आहे.

रे तळावर राहतो, म्हणून टाकीची उंची त्याच्या फारशी कामाची नाही. लांबी आणि मुख्य म्हणजे रुंदी कामाची. त्याला अंग न दुमडता वळता आलं पाहिजे. मोठ्या रेसाठी आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही टाकी मी कमीत कमी मानतो. तिच्यात साडेतेराशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. थोडं कमी भरलं तरी साडेबाराशे.

इथे फ्लॅटवाल्यांनी थांबावं. दोन फूट उंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे सहाशे किलो. टाकी लहान घेतली तरी उंची तीच असेल तर हा आकडा तोच राहतो. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण तो भार खोलीभर पसरलेला धरलेला असतो आणि भिंतीलगत, बीमवर ठेवलेली टाकी वेगळी. पण हा निर्णय दुकानदारानं किंवा सुतारानं घ्यायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, नाहीतर तळमजल्यावरच ठेवा.

## फिल्टर म्हणजे विरजण

आता तो अमोनिया. हा सगळ्यात कमी समजला जाणारा आणि सगळ्यात जास्त जीव घेणारा भाग, म्हणून सावकाश सांगतो.

लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, घाण अडवतो. तेही तो करतो. पण त्याचं खरं काम त्याच्या आतल्या स्पंजावर आणि चिनी मातीच्या तुकड्यांवर वस्ती केलेले जिवाणू करतात. एक जमात अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. दुसरी जमात त्याचं नायट्रेट करते, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात. एवढा एक शब्द लक्षात ठेवला तरी पुरे.

ही वस्ती बाजारातून आणलेल्या नव्या फिल्टरमध्ये नसते. दूध तापवून ठेवलं म्हणून दही होत नाही. विरजण लागतं, ऊब लागते आणि वेळ लागतो. इथे तो वेळ चार ते सहा आठवडे असतो. एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून टाकला तर लवकर जमतं, कारण तेच विरजण. या आठवड्यांत टाकीत मासा लागत नाही, थोडा अमोनिया लागतो. तपासणीचं किट घेऊन अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की दही लागलं.

आणि हे विरजण नासतंही. फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धुतला की वस्ती मरते. महापालिकेचं पाणी पेंच आणि कन्हानचं, आपल्या पिण्यासाठी क्लोरीन घातलेलं. ते आपल्यासाठी चांगलं आणि कल्ल्यांसाठी वाईट. टाकीत घालायच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घाला आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळा.

रेच्या बाबतीत हे सगळं दुप्पट कडक. तो भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि अमोनिया त्याला इतर माशांपेक्षा कमी सोसतो. दर आठवड्याला टाकीतलं तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलावं लागतं, म्हणजे चारशे ते सहाशे लिटर. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. तिच्यातलं अर्धं पाणी, दर रविवारी.

"आमच्याकडे बोअर आहे, पाण्याची कमी नाही," असं बरेच जण म्हणतात. बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. जड पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा, सहसा वरच्या अंगाला असतो आणि तिथे अमोनियाचं विष वाढतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. पंचवीस अंशाला पीएच ७ असेल तर त्या विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आणि त्याच पीएच ८ ला पाणी पस्तीस अंशांपर्यंत तापलं की दहा टक्के. म्हणजे अमोनिया तेवढाच असून तापमानानं विष दुप्पट केलं.

## मे महिना

रेला पाणी पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचं मानवतं. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीस पार करतो, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस, लागला की रात्रीही भिंती गरम लागतात. कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा उघड्या टाकीचं पाणी बत्तीस-तेहतीसला पोचलेलं मी स्वतः मोजलं आहे.

त्यात काय बिघडलं, ॲमेझॉनही उष्ण प्रदेशातच आहे ना? हा प्रश्न रास्त आहे. फरक असा, की नदी खोल असते, वाहती असते, झाडांच्या सावलीत असते आणि तिथला मासा गरम थरातून थंड थरात जाऊ शकतो. टाकीत जायला जागा नाही. शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: पंचवीस अंशाला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, पस्तीसला सुमारे सातच. आणि त्याच वेळी माशाच्या अंगातली चूल जोरात पेटलेली असते, त्याला जास्त हवा असतो. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही तोच प्राणवायू लागतो. गिऱ्हाइकं दोन आणि माल कमी.

माझ्या मित्राच्या घरी हेच झालं. त्याचा रे सात-आठ महिन्यांचा, ताटलीएवढा, हातातून गांडूळ घेणारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात घरचे सगळे वर्ध्याला लग्नाला गेले. संध्याकाळी लाईन गेली ती चार तास आली नाही. फिल्टर बंद, हवेचा पंप बंद. रात्री ते परतले तेव्हा रे कोपऱ्यात होता आणि त्याच्या अंगाच्या कडा वर वळलेल्या होत्या, तव्यावर उचललेल्या पोळीसारख्या. हे लक्षण शेवटाकडचं समजतात. मित्रानं मला फोन केला तेव्हा साडेअकरा झाले होते. आम्ही पहाटेपर्यंत तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत बसलो, हवा मिसळावी म्हणून. सकाळी त्याची ती दोन भोकं हलायची थांबली.

त्या रात्रीनंतर मी याचा नीट हिशेब मांडला, आणि त्यातून एक गोष्ट उमगली जी आधी माझ्या लक्षात आली नव्हती. मोठ्या टाकीचं पाणी चार तासांत फारसं तापत नाही. साडेबाराशे लिटर एक अंशानं तापवायलाच जवळपास दीड युनिट वीज जाईल एवढी उष्णता लागते. चार तासांत संपतो तो प्राणवायू. म्हणजे लाईन गेल्यावर पहिली गरज गारव्याची नसते, हवेची असते. हवेचा पंप काही वॉटवरच चालतो, घरच्या इन्व्हर्टरवर तो रात्रभर सहज चालेल. तो इन्व्हर्टरच्या लाईनवर जोडलेला नव्हता, एवढीच आमची चूक.

गारव्यासाठी लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात. तेही मोजून पाहा. एक लिटर बर्फ पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याइतका होईपर्यंत साडेबाराशे लिटर पाणी अंशाच्या दहाव्या भागाएवढं थंड करतो. दहा बाटल्यांनी जेमतेम एक अंश. लहान टाकीत मात्र तापमान एकदम उतरतं, आणि तो झटका वेगळाच त्रास देतो.

खरं काम करते ती आपल्या कूलरचीच युक्ती. पाण्यावर पंखा सोडला की वाफ होते आणि वाफ होताना उष्णता घेऊन जाते. आपला मे कोरडा, म्हणून इथे हे चांगलं चालतं, काही अंश सहज उतरतात. जुलैत हवा दमट झाली की कूलरसारखाच हाही उपाय ढेपाळतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. एक काळजी घ्यायची. कूलरच्या वाळ्यावर पांढरा थर बसलेला तुम्ही दर वर्षी खरवडता. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीतही तेच होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस जड होत जाईल. ती भर आरओच्या पाण्यानं घाला, आणि आठवड्याचं पाणी बदलणं त्यामुळे टळत नाही.

पाणी थंड करणारं चिलर हे यंत्र मिळतं. पण ते पाण्यातली उष्णता खोलीतच ओततं. बेचाळीस अंशांच्या बंद खोलीत ते धापा टाकतं. माझं मत विचाराल तर नागपुरात चिलरपेक्षा टाकीची खोली एसीत ठेवणं खात्रीचं. एक टनाचा एसी चालू असताना तासाला साधारण एक युनिट खातो. दिवसरात्र लावला तर दिवसाला पंधरा-वीस युनिट, आणि तसे निदान साठ दिवस. हा आकडा रेच्या किमतीत धरायचा.

आणखी एक सापळा अगदी आपल्या गावचा आहे. मेमध्ये दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं येतं. ते पाणी तसंच बदलायला घेऊ नका. पहाटे पाचला भरून ठेवा किंवा आत, सावलीत वेगळा ड्रम ठेवा.

थंडीचं थोडक्यात. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, हीटर लागतो. रे उबेला बिलगून हीटरवर पडून राहतो आणि भाजतो, म्हणून हीटरला जाळी हवी, किंवा तो फिल्टरच्या कप्प्यात लपवायचा.

## "पण तो डंख मारतो ना?"

मारतो, आणि हे हलक्यात घेऊ नका. शेपटीच्या वरच्या अंगाला करवतीसारखे दाते असलेला काटा असतो, त्यावर विषारी पेशींचं आवरण. काटा शिरला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. वेदना भयंकर असते, आणि नदीतल्या रेच्या विषानं जखमेच्या आसपासचं मांस कुजण्याचा धोका समुद्रातल्या पाकटापेक्षा जास्त असतो. काटा कापून टाकला तरी तो पुन्हा येतो. निसर्गातही तो अधूनमधून गळतो आणि नवा येतो. कापणं हा क्रूरपणा आहे आणि त्यातून सुरक्षितता मिळत नाही.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियात प्राण्यांवरचे टीव्ही कार्यक्रम करणारे स्टीव्ह आयर्विन समुद्रातल्या पाकटाच्या काट्यानं गेले, ते अनेकांना आठवत असेल. तो काटा छातीत शिरला होता. घरच्या टाकीत धोका मुख्यतः हाताला असतो आणि तो बहुतेक वेळा आपल्या निष्काळजीपणातून येतो: वाळूत लपलेला रे न पाहता हात घालणं, किंवा त्याला जाळीत पकडणं. तो अंगावर धावून येत नाही. त्याला जाळीनं कधीच पकडू नका, काटा जाळीत अडकतो. टब बुडवून पाण्यासकट हलवा. दूरवरून येणाऱ्या रेच्या काट्यावर वाहतूक करणारे बारीक नळीचं टोपण चढवतात, पिशवी फाटू नये म्हणून. ते टोपण काढताना घाई करू नका.

डंख झालाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण पंचेचाळीस अंश, त्याहून जास्त नाही. पाणी आधी दुसऱ्या हातानं तपासा, कारण दुखऱ्या हाताला भाजतंय ते कळत नाही. अर्धा ते दीड तास ठेवलं की वेदना बरीच उतरते. गरम पाण्यानं आराम पडला तरी दवाखान्यात जायचंच: काट्याचा तुकडा आत राहिला का ते एक्स-रेमध्ये बघतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर ओढून काढू नका, तसंच घेऊन जा. घरात लहान मुलं असतील तर झाकणाला कुलूप हवं.

## खाणं, वाळू आणि सोबत

सोललेले झिंगे, माशाच्या फोडी, गांडुळं, गोठवलेले रक्तकृमी. जिवंत खाद्यमासे टाकू नका, रोग घेऊन येतात. दुकानात घेण्याआधी तो समोर खाताना पाहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना उंचवटे उठून दिसत असतील तर तो उपाशी आहे. रंग कितीही सुंदर असो, तो आणू नका.

वाळू बारीक, गोल कणांची हवी. बांधकामाची कन्हानची वाळू खरखरीत असते, त्याचं पोट सोलतं. आणि "टाकी साफ ठेवतो" म्हणून सकर मासा सोबत देतात, तो घेऊ नका. तो रात्री रेच्या पाठीवर चिकटून चिकट थर खरवडतो. आजार झाला तर तांबं असलेलं औषध टाकीत घालू नका, रे त्यानं मरतो. आपल्या शहरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. दुकानातल्या बाटलीपेक्षा तिथे विचारणं केव्हाही चांगलं.

## कायद्याचं काय?

इथे गोंधळ सगळ्यात जास्त आहे. धोक्यात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याला साइटिस म्हणतात. भारत त्यात १९७६ पासून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात झालेल्या बैठकीत लिओपोल्डी, हेन्ले अशा गोड्या पाण्यातल्या सात रेंना त्याच्या दुसऱ्या यादीत घेतलं, म्हणजे व्यापार परवान्याशिवाय नाही. मोटोरोसह आणखी काही जाती तिसऱ्या यादीत आहेत. आपला वन्यजीव संरक्षण कायदा २०२२ मध्ये सुधारला, ती सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि या करारातल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंद करायची. हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवायचं.

"पण दुकानात उघड विकतात!" विकतात. म्हणूनच बिलावर जातीचं पूर्ण नाव आणि तो कुठून आला ते लिहून घ्या. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये वनभवनात आहे. इतर जिल्ह्यांतल्या लोकांना ही सोय नाही. घेण्याआधी जाऊन विचारा, त्या जातीला नोंद लागते का.

कागदांपलीकडचंही एक कारण आहे. लिओपोल्डी एकाच खोऱ्यात राहतो आणि त्या शिंगू नदीवर बेलो मोंटे हे प्रचंड धरण झालं आहे. तैवान, थायलंडमध्ये रेची पैदास होते. पिल्लं जिवंतच जन्मतात, आई गर्भात त्यांना दुधासारखा स्राव पाजते. नदीतून ओढून आणलेल्या रेपेक्षा असा पैदाशीतला रे टाकीत रुळतोही बरा.

## "नाहीच जमलं तर फुटाळा तलावात सोडून देऊ"

हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. बोलणाऱ्याला वाटतं आपण त्याला मोकळं करतोय. सिंगापूरमध्ये अप्पर सेलेटार जलाशयात असाच कुणीतरी सोडलेला मोटोरो तिथे पिल्लं घालून स्थायिक झाला आहे. आपल्याकडे उजनीच्या मच्छीमारांना विचारा, सकर माशानं जाळी कशी फाटतात. फुटाळ्यात किंवा अंबाझरीत उतरणाऱ्या माणसाच्या पायाखाली काटा असलेला परदेशी प्राणी ठेवणं हे पाप आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही. तो थंडीत मरेल असं म्हणाल, तर तेही सोडणाऱ्यानं स्वतःशी कबूल करावं. जमत नसेल तर ज्याच्याकडून घेतला त्याला परत द्या, दुसरा पाळणारा शोधा, महाविद्यालयात विचारा. हे आणण्याआधीच ठरवून ठेवा.

माझ्या बेसातल्या मित्रानं यंदा पुन्हा टाकी बसवली. तळमजल्यावर, इंजिनिअरला दाखवून, आठ बाय तीनची. एप्रिलमध्ये भरली, जुन्या टाकीतला स्पंज घालून विरजण लावलं, पंप इन्व्हर्टरवर घेतला. रे आणला नाही. टाकी रिकामीच चालवली आणि रोज दुपारी चारला आणि पहाटे पाचला पाण्याचं तापमान वहीत लिहिलं. जूनच्या शेवटी त्यानं वही माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आता आणू का?" आम्ही दोघांनी मिळून पानं उलटली. तीस अंशांच्या वर अकरा नोंदी होत्या, त्यातल्या सात नवतपातल्या, पंखा चालू असतानाच्या. त्यानं वही बंद केली आणि त्या खोलीसाठी एसीवाल्याला फोन लावला. रे पुढच्या मेनंतर, असं त्यानं ठरवलं आहे, आणि वहीत पुढच्या उन्हाळ्यासाठी रेघा मारून ठेवल्या आहेत.